पान बाराशे सोळा, खालून तिसरी ओळ

ड्राय ब्रँचच्या बॅप्टिस्ट मंडळीला पुढच्या वसंतात शंभर वर्षं पुरी होणार होती, आणि शंभर वर्षं टिकलेल्या कुठल्याही संस्थेला जे सुचतं तेच तिलाही सुचलं: एक समिती नेमावी. डॉक्टर पेंडरग्रास यांचं जुनं टीप-बायबल तीन वेगवेगळ्या प्रकाशकांनी नव्याने छापलं होतं. त्या तिन्हींची तुलना करायची आणि मंडळीसाठी चाळीस प्रती कुठल्या घ्याव्यात ते सांगायचं, एवढंच समितीचं काम. समितीत माणसं दोन. एक वेंडेल स्टॅलार्ड, वय एकाहत्तर, जन्मभर केंटकीच्या डोंगरांत लोकांच्या जमिनी मोजलेला सर्वेअर. दुसरा गार्लंड मेफिल्ड, गावातल्या एकुलत्या एक अंत्यविधी गृहाचा मालक. दोघेही मंडळीचे डीकन, म्हणजे पंच. दोघेही चाळीस वर्षांचे मित्र, आणि या चाळीस वर्षांत एकाही गोष्टीवर दोघांचं एकमत झालेलं नव्हतं. मंडळीने हे ओळखूनच त्यांना निवडलं असावं. भांडणारे दोघे एका समितीत घातले की बाकीच्यांना सुखाने जेवता येतं.

टीप-बायबल म्हणजे पानावर वरती देवाची वचनं आणि खाली कुणा विद्वानाच्या टिपा. देवाला जे म्हणायचं होतं पण घाईत राहून गेलं, ते विद्वान खाली बारीक अक्षरात पुरं करून टाकतो. असे विद्वान जगात पुष्कळ होऊन गेले, पण ड्राय ब्रँचमध्ये चाले तो एकच. डॉक्टर एलायस पेंडरग्रास जाऊन नव्वद वर्षं झाली होती आणि ते या गावी कधीच आले नव्हते, तरी रविवारच्या शाळेच्या खोलीत येशूच्या तसबिरीशेजारी त्यांची तसबीर होती. ती दोन बोटं वर लागली होती, पण तो खिळ्याचा दोष आहे असं सगळे म्हणत.

या मंडळीची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इतर ठिकाणी पाळक उभा राहतो आणि अमुक अध्याय, अमुक वचन असं पुकारतो. ड्राय ब्रँचचे जुने पाळक ब्रदर एझ्रा कॉली यांना ते बारीक आकडे दिसत नसत, आणि चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. सगळ्यांच्या हातात एकाच छपाईची प्रत असल्यामुळे ते पान आणि ओळ पुकारत. "पान चारशे दोन, वरून सातवी!" की सबंध देऊळभर पानं सळसळत. चव्वेचाळीस वर्षं हे चाललं. ब्रदर एझ्रा गेले, रीत राहिली. मुलं पाढे म्हणावेत तशी पानं पाठ म्हणू लागली. अध्याय आणि वचनांचे आकडे मेथडिस्ट पंथवाल्यांना लागतात, असं इथे अभिमानाने सांगत. ज्यांना बाप्तिस्म्याला अख्खी नदी लागत नाही, चार थेंबांत भागतं, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार!

वेंडेलने कामाला हात घातला तो सर्वेअरच्या इतमामाने. जेवणाच्या टेबलावर तिन्ही नव्या प्रती आणि आपली स्वतःची जुनी प्रत मांडली. शेजारी पोलादी पट्टी, भिंग आणि दिवा. कागद किती पारदर्शक आहे, म्हणजे मागच्या पानावरची अक्षरं पुढे किती डोकावतात, हे तो पान दिव्यासमोर धरून बघे आणि शून्य ते दहा गुण देई. फितींची लांबी मोजली. समास मोजले. पुस्तक उघडून ठेवलं की आपोआप मिटतं की पसरून राहतं, हे उत्पत्तीपाशी, मध्यावर आणि प्रकटीकरणापाशी असं तीन जागी तपासलं. अकरा दिवसांत एक गोष्ट तेवढी झाली नाही: एकाही प्रतीतलं एकही वचन त्याने अर्थासाठी वाचलं नाही. तुलना चालू असताना ते शोभलंही नसतं.

"वेंडेल," त्याची बायको नेड्रा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अकरा दिवस आपण ओट्यापाशी उभ्याने जेवतोय. देवाला सहा दिवसांत जग उरकलं होतं."

"त्याला समिती नव्हती," वेंडेल मान वर न करता म्हणाला.

मार्गदर्शनासाठी तो इंटरनेटवर चित्रफिती बघे. नव्या छपाईची बायबलं उलगडून दाखवणारे पुरुष तिथे ढिगाने आहेत. टेक्सासातल्या एका गृहस्थाने अठ्ठेचाळीस मिनिटं एका प्रतीची स्तुती केली. त्यातली पंचवीस मिनिटं कातड्यावर, पंधरा शिलाईवर, आणि उरलेली खोक्यावर. शेवटी त्याने डोळे मिटून पुस्तकाचा वास घेतला आणि म्हणाला, "आमेन." वेंडेलने ती चित्रफीत तीनदा बघितली.

पहिली प्रत चीनमध्ये छापलेली, जुन्या पानांचे जसेच्या तसे फोटो काढून केलेली. स्वस्त, शाई थोडी पसरलेली, पण पानाला पान आणि ओळीला ओळ जुळत होती. दुसरी हॉलंडमध्ये शिवलेली, बकऱ्याच्या कातड्याची, तीन फितींची, नव्या सुबक अक्षरात जुळवलेली. तिसरी बारा प्राध्यापकांनी 'सुधारलेली'. तिच्या मुखपृष्ठावर सूर्योदय होता, म्हणून वेंडेलने ती उघडलीच नाही. अहवालात तिच्यापुढे त्याने लिहिलं, 'ताक, तेही पाणी घातलेलं.'

बुधवारी दुपारी गार्लंड आला तो सरळ बकऱ्यापाशी गेला. पुस्तक उचलून त्याने गालाला लावलं.

"हे बघ," तो म्हणाला, "याला म्हणतात कातडं. मी जन्मभर शवपेट्यांना अस्तरं लावतोय, मला माल कळतो. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणालाही हे हातात देऊन पाठवलं तरी लाज वाटणार नाही."

"तुझी गिऱ्हाइकं तक्रार करायला परत येत नाहीत, गार्लंड."

"आणि तुझी? तू हद्द काढून दिलीस की दोन भाऊ वीस वर्षं कोर्टात जातात."

"कागद बघ. तीन गुणांचा आहे. मागच्या पानावरचा मोशे पुढच्या पानावर दिसतो."

"दिसू दे ना! मोशे दिसला तर बिघडलं काय? आणि पानांचे आकडे जुळत नसतील तर मी काय म्हणतो, नवे पाठ करू. आपल्याला काय काम आहे दुसरं?"

"पानं जुळत नाहीत?" वेंडेलने पहिल्यांदा भिंग खाली ठेवलं.

"काल चाळताना वाटलं खरं. तू बघ बुवा, मोजणारा तू." एवढं बोलून गार्लंडने नेड्राच्या डब्यातले दोन बिस्किटांचे तुकडे उचलले आणि तो गेला. कुणाची तरी पेटी थांबली होती.

वेंडेलने कातडी प्रत उघडली आणि सवयीने जे पान आधी बघायचं तेच बघितलं: बाराशे सोळा.

हे पान ड्राय ब्रँचमध्ये प्रत्येकाला ठाऊक होतं, पण मोठ्याने कुणी त्याचं नाव काढत नसे. एकोणीस वर्षांपूर्वी वेंडेलची मुलगी ट्वायला मंडळीत पियानो वाजवायची. सत्तावीस वर्षांची होती. अकराव्या वर्षापासून दर रविवारी तीच वाजवत आलेली, आणि वाजवायची अशी की गार्लंडसारखा बेसूर माणूसही दोन कडवी सुरात काढून जाई. मग तिचा नवरा रँडल दाताच्या दवाखान्यातल्या बाईबरोबर ओहायोला पळाला आणि तिकडून घटस्फोटाचे कागद पाठवले. पळाला तो, आणि टाकलेली ठरली ही. त्या महिन्याच्या बैठकीत प्रश्न निघाला की अशा बाईने देवाच्या घरात पियानोवर बसावं का. सगळ्यांनी वेंडेलकडे बघितलं, कारण बाप तो आणि डीकनही तोच. वेंडेल उभा राहिला. आपलं-परकं न बघणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती आणि ती त्याला फार प्रिय होती. तो म्हणाला, "पान बाराशे सोळा, खालून तिसरी." पानं सळसळली. आणि त्याने वाचलं:

"टाकलेल्या स्त्रीने मंडळीच्या सेवेस हात लावू नये; तिच्या हाताने सेवा मलिन होते."

ट्वायलाने पियानोचं झाकण लावलं, आपल्या वह्या उचलल्या आणि ती मधल्या वाटेने बाहेर गेली. पुन्हा आली नाही. चाळीस मैलांवर हार्लो गावात मेथडिस्टांच्या मंडळीत ती वाजवू लागली. नाताळला बापाला कार्ड पाठवायची, त्यावर फक्त नाव. इकडे पियानोवर सिस्टर युनिस बसल्या. त्या दोन बोटांनी वाजवत आणि नेहमी अर्धा ठेका मागे असत, त्यामुळे ड्राय ब्रँचची मंडळी एकोणीस वर्षं देवाची स्तुती थोडी उशिराच करत होती. रँडलचं नाव मात्र मंडळीच्या यादीत कायम होतं. तो परत यावा म्हणून दर नाताळला प्रार्थना होई.

वेंडेलने हे सगळं सोसलं होतं ते एका आधारावर: आपण केलं ते आपलं नव्हतं, ते लिहिलेलं होतं. ज्या दिवशी वाचलं त्याच दिवशी त्याने घरी येऊन पोलादी पट्टी लावून त्या ओळीच्या वर एक आणि खाली एक अशा लाल रेघा मारल्या होत्या. मन खाऊ लागलं की पान उघडायचं, रेघांमधली ओळ वाचायची आणि पान मिटायचं.

चिनी प्रतीत ती ओळ होती. खालून तिसरी. त्याने सोमवारीच तपासून समासात 'बरोबर' असं लिहिलं होतं. कातडी प्रतीत नव्हती. बाराशे सोळावर नव्हती, पंधरावर नव्हती, सतरावर नव्हती. पुढची-मागची दहा-दहा पानं त्याने चाळली. मग तो उठला.

"नेड्रा! काढून टाकलं! देवाचं वचन काढून टाकलं या लोकांनी!"

"कुठल्या लोकांनी?"

"बकऱ्याच्या!"

प्रकाशकाचा फोन नंबर खोक्यावर होता. पलीकडे एक बाई आली; कॅन्डिस असं नाव तिने सांगितलं.

"बाई, तुम्ही पवित्र शास्त्राला कात्री लावली आहे," वेंडेल म्हणाला.

कॅन्डिसला असले फोन रोज येत असावेत. "अगंबाई! कुठलं वचन, सर?"

"पान बाराशे सोळा, खालून तिसरी ओळ."

"म्हणजे अध्याय कितवा? वचन कितवं?"

"मी तुम्हाला पान सांगतोय, ओळ सांगतोय. एवढ्यावर मी माणसाच्या जमिनीची हद्द कायम केलेली आहे, बाई."

"हो ना सर, पण आमच्याकडे पानांचे आकडे बदललेत. वचनाच्या डावीकडे बारीक आकडा असेल बघा. तेवढा सांगा, मी लगेच शोधते."

वेंडेलने जुनी प्रत ओढली, भिंग धरलं. एकतीस होतं. बत्तीस होतं. मग तेहतीस, आणि तिथे अध्याय संपत होता. त्याखाली त्याची ओळ. तिच्या डावीकडे कोरा कागद.

"सर? आहात का?"

"आकडा दिसत नाही. छपाई जुनी आहे."

"मग ओळ वाचून दाखवता?"

त्याने वाचली नाही. पाठ होती ती म्हटली. पलीकडे कळफलकाची टकटक झाली.

"सापडली!" कॅन्डिस आनंदाने म्हणाली. "काही गेलेलं नाही, सर, काळजी करू नका. ते वचन नाहीये. टीप आहे, डॉक्टर पेंडरग्रास यांची. आमच्या प्रतीत पानावर नुसती वचनं ठेवलीत आणि टिपा सगळ्या मागे घेतल्यात. पान अठराशे एक्केचाळीस, उजवा रकाना. लोकांची गल्लत होते ना, म्हणून. आणखी काही मदत करू?"

अठराशे एक्केचाळीसवर ती ओळ होती, शब्दाला शब्द, आणि शेवटी डॉक्टरांची आद्याक्षरं. वेंडेलने चिनी प्रत उघडली. तिच्यात बाराशे सोळावर वचनं संपली तिथे एक बारीक काळी रेघ होती, आडवी, समासापासून समासापर्यंत. सोमवारी त्याने ओळ मोजली होती. रेघ त्याला दिसलीच नव्हती. आता जुन्या प्रतीत त्याने पान दिव्यापाशी तिरकं धरलं. वरची लाल रेघ त्याने ज्यावर मारली होती ती ही काळी रेघ. पट्टी लावून, अगदी सरळ. साऱ्या जिल्ह्याच्या हद्दी बिनचूक काढणाऱ्या माणसाने देव कुठे संपतो आणि पेंडरग्रास कुठे सुरू होतो एवढी एकच हद्द चुकवली होती, आणि नेमकी तीच हद्द पुसून तिच्यावर आपली लाल रेघ ओढली होती.

त्याने तिसरी, सूर्योदयाची प्रतही उघडली. काही तरी आधार मिळेल म्हणून. प्राध्यापकांनी ती टीप गाळलीच होती. दोनशे माणसांच्या मंडळीत, एकोणीस वर्षांत, एकालाही ही गोष्ट दिसू नये? पण दिसणार कशी! ओळ मोजणाऱ्याला ओळच दिसते, आणि खालून मोजायला लागलं की आधी विद्वान भेटतो.

नेड्रा बटाटे सोलत होती. त्याने जाऊन सगळं सांगितलं. ती सोलता सोलता थांबली नाही.

"दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी हार्लोला कापड बघायला जाते," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं. घरात एक तरी कापड आलं?"

"नाही."

"तू कधी विचारलंस?"

"नाही."

"गाडी काढ."

"रविवारी. आधी बैठकीत सांगतो. तिला काढलं तिथे, चारचौघांत."

नेड्राने सुरी खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "बघते मी," ती म्हणाली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही, आणि त्याला त्याचा राग आला नाही.

रविवारी उपासना झाल्यावर तळघरातल्या सभागृहात जेवण होतं. तळलेली कोंबडी, डुकराच्या चरबीत शिजवलेल्या शेंगा, मक्याचा पाव आणि सिस्टर युनिसचं केळ्याचं पुडिंग, जे त्यांच्या वाजवण्यापेक्षा कितीतरी वेळेवर येई. ताटं उचलल्यावर बैठक सुरू झाली. नवे पाळक ब्रदर किप, वय तेहतीस, यांनी प्रार्थना केली आणि समितीला अहवाल मागितला. कोपऱ्यात दोन पैजा लागल्या होत्या. बॅप्टिस्ट पैजा लावत नाहीत, म्हणून त्या पुडिंगवर होत्या.

वेंडेल उभा राहिला. अहवालाचे सात कागद त्याच्या हातात होते, ते त्याने दुमडून खिशात घातले.

"एकोणीस वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "मी बैठकीत उभा राहून एक ओळ वाचली आणि माझ्या मुलीला पियानोवरून उठवलं. मी म्हटलं, हे देवाचं वचन आहे. ते वचन नाही. ती पेंडरग्रासची टीप आहे. देवाने असं काही म्हटलेलं त्या पानावर नाही. मी चुकलो. मी माझ्या पोरीशी फार वाईट वागलो, आणि तुम्हा सगळ्यांकडून तसं करवून घेतलं. एवढाच अहवाल आहे."

तो खाली बसला. बायका समोरच्या टेबलाकडे बघत बसल्या; बैठकीत बायकांनी बोलायचं नाही, असा नियम होता, आणि तो कुठल्या पानावर रेघेच्या वर होता की खाली हे आता विचारायला हवं होतं. सिस्टर युनिसने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

"ब्रदर वेंडेल, इतक्या मोकळेपणाने बोललात, आभार," ब्रदर किप म्हणाले. पाळकांच्या शिबिरात त्यांना असंच म्हणायला शिकवलं होतं. "कुणाला काही विचारायचंय?"

गार्लंडने हात वर केला. त्याचा चेहरा खरोखर गंभीर होता.

"मला एक कळू दे, वेंडेल. कातडी प्रतीत ती ओळ आता कुठे आहे?"

"मागे. अठराशे एक्केचाळीस."

"आणि चिनीमध्ये?"

"होती तिथेच."

गार्लंडने मोठा सुस्कारा सोडला. बकऱ्यावर त्याचं मनापासून प्रेम होतं. "मग माझं मत चिनीला," तो म्हणाला. "शंभराव्या वर्षी माणसांना पानं हुडकत फिरायला लावणं बरं नाही. जिथे जे होतं तिथे ते असावं."

अनुमोदन मिळालं. हात वर झाले. ठराव एकमताने, म्हणजे वेंडेल सोडून, मंजूर झाला. चाळीस प्रतींत बाराशे सोळावर, खालून तिसऱ्या जागी, डॉक्टर पेंडरग्रास सुखरूप राहिले. पियानोचा विषय कुणी काढला नाही. तो कामकाजाच्या यादीत नव्हता.

जिन्यात गार्लंडने त्याला गाठलं. "अरे, असं तोंड पाडू नकोस. डॉक्टर काही साधा माणूस नव्हता. त्याने लिहिलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच लिहिलं असणार."

"मीही तेच करत आलो, गार्लंड," वेंडेल म्हणाला. "विचार त्याच्यावर सोपवला." आणि तो गाडीकडे चालू लागला. नेड्रा आधीच जाऊन बसली होती.

हार्लोच्या मेथडिस्ट मंडळीसमोर गाडी लावली तेव्हा चार वाजायला आले होते. संध्याकाळच्या उपासनेपूर्वी ट्वायला तासभर सराव करते, हे नेड्राला ठाऊक होतं. "मी नाही येत," ती म्हणाली. "तेव्हा उभा राहिलास तो एकटा, आता जा एकटा." वेंडेलने जन्मात पहिल्यांदा मेथडिस्टांच्या देवळात पाऊल टाकलं. छत कोसळलं नाही.

ट्वायला पियानोवर होती. शेहेचाळीस वर्षांची, केसांत पांढरी बट, पाठ मात्र तशीच ताठ. बापाला बघून तिने वाजवणं थांबवलं, पण ती उठली नाही.

"ममा बरी आहे ना?" तिने विचारलं.

"बरी आहे. मी... मला तुला एक सांगायचंय, ट्वायला." वाटेत चाळीस मैल जुळवलेली वाक्यं त्याला आठवेनात. त्याने सरळ सांगून टाकलं. रेघ, टीप, कॅन्डिस, बैठक, सगळं. "ते वचन नव्हतं, पोरी. ती नुसती टीप होती."

"माहीत आहे मला," ट्वायला म्हणाली.

वेंडेलला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही.

"तेव्हाच माहीत होतं, डॅडी. तुम्ही पान पुकारलंत, मी उघडलं. मला वाचता येतं." ती पियानोच्या पट्ट्यांकडे बघत होती. "मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही कधी एक इंच चुकला नाहीत. मला वाटलं, वचन सापडलं नाही म्हणून तुम्ही टीप वाचलीत, आणि मंडळीत कुणाला कळणार नाही हे ओळखून वाचलीत. एकोणीस वर्षं मी असंच समजून होते."

वेंडेल पुढच्या बाकावर बसला. एकोणीस वर्षं त्याची पोर त्याला लबाड समजत होती, आणि तो नुसता मूर्ख होता. यातलं कुठलं बरं, हे त्याला ठरवता येईना. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "देवाशपथ."

"बॅप्टिस्ट शपथ घेत नाहीत."

"माहीत नव्हतं, ट्वायला."

ती त्याच्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "बरं. धरलं खरं. पण मग मला एक सांगा. ते वचन असतं तर? रेघेच्या वर असतं, आकडा घालून, तर आज तुम्ही इथे आला असता?"

अकरा दिवस त्याने कागद, शाई, समास, फिती मोजल्या होत्या. हा प्रश्न त्याला कुठे भेटला नव्हता. खोटं बोलणं सोपं होतं आणि ते तिला लगेच कळलं असतं. बाहेर एक ट्रक येऊन गेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

"नसतो आलो," तो शेवटी म्हणाला. "बुधवारपर्यंत तरी नसतो आलो. आता... आता आलो असतो. तरीही आलो असतो. पण हे मला आत्ता, इथे बसल्यावर कळलं. आधी नव्हतं कळलं."

"चार मिनिटं लागली तुम्हाला," ट्वायला म्हणाली. "घड्याळ समोर आहे माझ्या." तिने वहीचं पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, पुन्हा उलटलं. वेंडेल उठायला लागला. त्याला वाटलं, आता जावं.

"ममाला उन्हात गाडीत बसवून ठेवलंय ना?" ती म्हणाली. "तुमचंही डोकं... जा, बोलवा तिला आत. आणि दार हळू लावा, ते आपटतं."